तांबड्या भाजीचं पाणी

होमोसिस्टीन.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं,
पणजीतल्या एखाद्या जुन्या नोटरीचं नाव असावं.
रिपोर्टवर त्याच्यापुढे एकतीस,
आणि बाजूला शेंडीसारखा वर गेलेला बाण.

बांबोळीला डॉक्टर लवंदेबाईंनी
माझ्याच फाइलच्या पाठीवर रेघा मारून सांगितलं:
हे रक्तात असतंच, सगळ्यांच्या.
त्याला मार्गी लावायला फोलिक ॲसिड लागतं,
बी-ट्वेल्व, बी-सिक्स.
नेणारे कमी पडले की साठतं.
किडनी बदललेल्या माणसात जरा जास्तच.
मी म्हटलं, कळलं.
अठ्ठावीस वर्षं चोडणच्या फेरीवर दोर टाकतोय.
एक बोट बिघडली की धक्क्यावर काय होतं
ते मला नका सांगू.

मग मिनीनच्या फार्मसीतून ती गोळी आली,
तुरीच्या डाळीएवढी, त्याच रंगाची.
आठच्या कॅप्सूलनंतर घ्यायची.
आठची कॅप्सूल वेगळी. ती चुकली
तर माझं शरीर माझ्या बहिणीला परकी ठरवेल
आणि हाकलायला निघेल.

हो, उजव्या कुशीत खाली शेवंता आहे.
माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटी.
आम्ही तिला कुंभारजुव्यात दिली,
तिनं मला हे दिलं.
आमचा देवही मूळ चोडणचाच,
नदी ओलांडून माशेलला गेला आणि तिथं रुजला.
शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री
मी एवढंच घोकत होतो.

डायलिसिसच्या चार वर्षांत
सगुणा तांबडी भाजी दोनदा उकळायची,
पोटॅशियम जावं म्हणून,
आणि ते लालभडक पाणी
परसातल्या पपईच्या बुडाशी ओतायची.
पपई अशी लागली की शेजारी विचारत, खत कुठलं?
आता बाई म्हणतात, फोलेट पाण्यात उतरतं.
म्हणजे चार वर्षं
माझ्या वाटणीचं पपईनं खाल्लं.

सहा महिन्यांनी एकतीसचे चौदा झाले.
सगुणानं माशेलला नारळ ठेवला.
मी बाईंना विचारलं,
म्हणजे आता हृदयाची काळजी मिटली?

बाईंनी चष्मा काढला.
चांगली बातमी सांगताना
चष्मा काढत नाहीत, हे मला आता माहीत आहे.
म्हणाल्या, मोठा अभ्यास झालाय,
तुमच्यासारख्याच हजारो माणसांवर.
गोळ्यांनी आकडा उतरला.
झटके मात्र
जवळजवळ तेवढेच आले.

मग गोळी?
कमी होतं ते भरून निघालं. मोठा डोस थांबवू.
बीपी सांभाळा, मीठ कमी, चाला.
एवढी लांब वाट चालून शेवटी मीठ कमी.

परतीच्या बोटीवर ड्युटी नव्हती,
रेलिंगला टेकून उभा राहिलो.
धक्का रिकामा केला की आम्ही म्हणतो, झालं.
पलीकडे उतरलेली माणसं
कुठं जातात, कुणाला गाठतात, कुणाची चुकामूक होते,
याची नोंद फेरीच्या वहीत नसते.
स्ट्रिपमध्ये सात गोळ्या उरल्या होत्या.
टाकवेनात.

रविवारी शेवंता आली, परसातली भाजी घेऊन.
आता मला चालते, बाईंना विचारलंय.
तिनं पाणी न काढता केली, कांदा, मिरची, वरून खोबरं.
भात गुलाबी होत गेला.
किती आला आकडा, म्हणाली.
चौदा.
म्हणजे चांगलं ना?
कुणालाच नक्की माहीत नाही, मी म्हटलं.
ती हसली. वाढतच राहिली.

आणि तुझा?
माझा काय?
तुझा आकडा. एका किडनीवर सहा वर्षं चाललीयस,
शेवटचं रक्त कधी दिलंस?
मला काय धाड भरलीय, म्हणाली,
आणि पातेलं उचलून मोरीकडे गेली.
तेवढ्यात तिचा हात कमरेशी गेला,
चरा आहे त्या बाजूला.
सवयीनं असेल.

रात्री तिला जाऊ दिलं नाही.
सकाळी सातची बोट.
दोर दुसऱ्यानं टाकला.
मी बहिणीच्या शेजारी बसलो, उपाशीपोटी ती,
मांडीवर माझी जुनी फाइल,
पाठीवर अजून त्या रेघा.